सात मुंग्या

मुलांनो, एक वाडगा डोळ्यांसमोर आणा. वाळक्या भोपळ्याचा. तळाशी चमचाभर दूध आहे, घट्ट आणि पिवळं. त्या दुधात सात काळ्या मुंग्या, सातही मेलेल्या. तोंड वाकडं केलंत ना? करा. मलाही शिसारी येते. पण नजर हटवू नका.

हे दूध अयिंपोकाचं. तिचं पहिलं बाळ आज तीन दिवसांचं झालं आणि अजून एकदाही आईच्या अंगावर प्यायलेलं नाही. आधी दुधाची परीक्षा व्हावी लागते, त्यात जिवंत मुंग्या सोडून. मुंग्या चढून बाहेर आल्या तर दूध चांगलं. मेल्या तर कडू, विषारी. मग आईला काढे, आणि बाळाला झाडाची साल उकळलेलं तपकिरी पाणी.

बाळाच्या ओठांना तेच पाणी चिकटलं होतं. त्यावर माशी बसली, तरी ते रडलं नाही. सकाळी रडत होतं.

अयिंपोकाने बोल्गाटांगा शहरातल्या दवाखान्याला फोन लावला होता. तो आता तिच्या सासूच्या, म्हाताऱ्या असिबीच्या हातात होता. पलीकडचा आवाज अंगणभर ऐकू येत होता.

"आजी, ते पाणी बंद करा," फोनवरची नर्स म्हणाली. "बाळाला आईजवळ द्या. आत्ता."

"मुंग्या मेल्यात."

"मुंगी पाण्यातही मरते."

"तुला लेकरं किती?"

"एकही नाही."

"मग मला शिकवू नकोस. मी आठ जन्माला घातलीत."

"आणि जगली किती?"

असिबीने फोन कानापासून लांब धरला, जणू त्यालाच घाण वास येत होता. अयिंपोका भिंतीकडे तोंड करून बसली होती. दूध साठून तिची छाती दगडासारखी झाली होती, कापड ओलं झालं होतं. त्या ओलीची तिला स्वतःलाच किळस येत होती.

"पाच," असिबी शेवटी म्हणाली.

नर्सने हळूच विचारलं, "आजी, ते दूध कडू आहे म्हणता. कुणी चाखून पाहिलंय?"

"शी. पूसारखं दिसतं ते. कोण तोंडात घालेल?" असिबी थुंकली. "लारिबा, जा, तो वाडगा भिंतीपलीकडे ओतून ये. बोट लावू नकोस, विष आहे."

लारिबा तिची सहा वर्षांची नात. ज्वारीच्या कणगीखालच्या मुंग्या तिनेच पकडून आणल्या होत्या. तिने वाडगा उचलला. भिंतीपर्यंत गेली. तिथून तिने वळून बाळाकडे पाहिलं. माशी अजून ओठांवरच होती.

लारिबाने बोटाने मुंग्या एका कडेला सारल्या. बोट दुधात बुडवलं आणि चाटलं.

"अगं ए," असिबी उठू लागली, पण गुडघे धरून तिथेच राहिली.

लारिबाने पुन्हा बोट बुडवलं. मग वाडगाच तोंडाला लावला, जिभेने तळ साफ केला आणि परत येऊन तो आजीच्या मांडीवर ठेवला. आत फक्त सात मुंग्या होत्या.