चौथी ओळ

थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी कारखान्यात वाफेची नवी टाकी आली. पन्नाशीत अक्षरं शिकलेला मी तेव्हा इंग्रजीच्या वर्गाला जात होतो, म्हणून टाकी धुण्याच्या सूचना इंग्रजीत लिहायचं काम साहेबांनी मलाच दिलं.

आपण बोलतो तसंच मी लिहिलं. तिसरी ओळ: झाकण उघडा. चौथी ओळ: उघडण्याआधी वाफ सोडून द्या.

वर्गातल्या बाई म्हणाल्या, "इंग्रजी छान आहे, काका. पण धोका आधी सांगायचा, काम नंतर. ओळी बदला."

तोवर साहेबांनी कागद काचेत लावला होता. चूक कबूल करायची मला लाज वाटली.

अक्षरं आणि इंग्रजी माझ्याबरोबरच शिकलेला येसू खंदारे काचेपुढे उभा राहून हसला. "साहेब झालास की गड्या." तोही माझ्यासारखाच ओळीखाली बोट धरायचा, एक ओळ वाचून तेवढं काम करायचा, मगच पुढची वाचायचा. हे मला ठाऊक होतं.

मी जेवायला गेलो असताना त्याने तिसरी ओळ वाचून झाकण उघडलं.

वाफेने भाजलेला येसू नऊ मार्चला दुपारी वारला.