ढिला सांधा

इंजिन रोह्याच्या सांध्यावरून खटकन गेलं आणि आजही रुळावरच राहिलं. आठ दिवस झाले, स्प्रिंग जागची हलली नव्हती. पुंडलिकला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

रोहा म्हणजे फळीचं हे टोक आणि पेण म्हणजे ते. मधे सहा फूट रूळ, जुन्या दाराच्या फळीवर ठोकलेले. जन्मभर रेल्वेत रुळांचे सांधे बदलून गाड्यांना वाट देत रिटायर झालेला माणूस, घरी बसून करणार काय? खेळण्यातली गाडी घेऊन बसला. गाडीचं बटण पेणला, सांधा रोह्याला. आणि त्या सांध्याचं पातं असलं ढिलं, की चाक आलं रे आलं की सरकायचं, गाडी आडवी! म्हणून त्याची बायको, मैना, लागायची. पुंडलिक पेणहून ओरडायचा, "मैने, सांधा धर!" ती पिठाच्या हातानं तशीच यायची, पात्यावर बोट दाबायची आणि ठसक्यात म्हणायची, "धरला!"

इलाज त्याला ठाऊक नव्हता असं नाही. बॉलपेनातली स्प्रिंग पात्याखाली अडकवली, की पातं एका अंगाला घट्ट बसतं. बोट लागत नाही. त्यानं ती बसवलीही होती, एकदा नाही, दहादा. पण दोन दिवसांत स्प्रिंग गायब! "मालच फडतूस," तो कुरकुरायचा. "उंदरानं नेली असंल," मैना म्हणायची. या शहाण्यानं फळीखाली पिंजरासुद्धा लावला. उंदीर काही सापडला नाही. शेवटी त्यानं स्प्रिंगचा नाद सोडला आणि "सांधा धर" चालू राहिलं.

शिमग्यानंतर मैना गेली. फळी भिंतीला उभी राहिली, घर खायला उठलं. मग गेल्या आठवड्यात त्यानं फळी पुन्हा आडवी केली, नवी स्प्रिंग बसवली. आता गाडी एकट्यानं चालत होती. कुणाची म्हणून गरज उरली नव्हती.

आज सून आली होती, डोलवीहून. मुलाची, साईराजची, कंपनीत शिफ्ट, म्हणून सुरभी एकटीच. तिच्या भाकऱ्या झाल्या, भांडी झाली. आता सासऱ्याच्या शर्टाचं बटण लावायला ती मैनाचा सुईदोऱ्याचा डबा शोधत होती. पुंडलिकनं घड्याळाकडं पाहिलं. बटण लागलं की ही निघणार. साडेचारची एसटी, वडखळ, डोलवी. मग आठवडाभर घरात फक्त इंजिनाची घरघर. पण 'थांब' हा शब्द त्याच्या जिभेवर कधी आलाच नव्हता. मागायचं म्हटलं की त्याला कमीपणा वाटायचा. मैनाही त्याच वाणाची.

"आबा, ह्ये काय हाय?"

सुरभीनं डबा पुढं केला. सुयांच्या पुडीखाली स्प्रिंगा. बॉलपेनातल्या, बारक्या, एकीत एक गुंतलेल्या. पुंडलिकनं एक उचलली. पक्कडीनं मुडपलेलं टोक त्यानं लगेच ओळखलं. त्याच्याच हातचं काम.

"घ्या! सापडला उंदीर," तो पुटपुटला आणि डोळे भरून आले. दिवसातून चारदा नवऱ्याची हाक ऐकू यावी म्हणून बाई चोरी करत होती! जन्मभर दिवसपाळी-रातपाळी केलेल्या माणसानं तिला दुसऱ्या कशासाठी हाक मारली होती?

सुरभीनं बटण लावलं, दोरा दातानं तोडला. पिशवी खांद्याला अडकवली.

"येते आबा. एसटी चुकंल नायतर."

पुंडलिक उठला. रोह्याच्या टोकाशी वाकला. तिच्या देखतच त्यानं पात्याखाली नख घालून स्प्रिंग काढली आणि डब्यात टाकली. मग पेणला येऊन बसला आणि गाडीच्या बटणावर अंगठा ठेवला.

"सुरभी," तो म्हणाला, "ह्यो सांधा लय ढिला हाय गो. जरा धरतेस?"