इंदुताईंची नवी दाढ

इंदुताईंची नवी दाढ शेजारच्या दाढेपेक्षा किंचित जास्त पांढरी होती. एरवी ती रोपण केलेली आहे हे कुणाला ओळखू आलं नसतं.

"स्क्रू हाडात छान बसलाय," डॉ. तांबोळी म्हणाल्या. "गोडाचा कडूपणा आहे तेवढाच ठेवू, की कमी करू?"

"कसला कडूपणा?"

"साखर लागली की ही दाढ जिभेला कडू चव देते ना. तुमच्या मुलानं मोबाईलवरून तो कडूपणा पार वर नेऊन ठेवलाय."

इंदुताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. वर्षभर त्यांना गोडाचा प्रत्येक घास कडू लागला होता. नैवेद्याआधी चाखायची घरात पद्धत नव्हती, त्यामुळे करताना आपलंच काहीतरी चुकलं असं त्यांना वाटे. शेजारणी पुरणाची तारीफ करत, तेव्हा त्या आपलं मन राखतायत असं इंदुताई समजत. हाताची चव गेली म्हणून शेवटी त्यांनी डबा लावला. तेव्हापासून मुलगा, निनाद, मागे लागला होता, मिरजेचं घर बंद कर आणि पुण्याला चल. त्या उत्तर टाळत होत्या.

"तुझ्या शुगरसाठीच केलं गं, आई," दाराशी उभा असलेला निनाद म्हणाला. "सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली. आणि तू नुसतं बघत होतास?"

"पुण्याला आलीस की बंदच करू ना ते."

"मी पुण्याला येणार नाही," इंदुताई म्हणाल्या.