फिकी बोटं

शाळेतलं रोप सुट्टीत वाळलं, म्हणून विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगासाठी घरच्या जास्वंदीचं पान आणलं. जास्वंद लेकीची. लेक गेली त्याला वर्ष झालं. तिच्या खोलीत आता बाई पाणी घालण्यापुरत्या जात.

रोप दोन दिवस कपाटात कोंडून मग दिवसभर उन्हात ठेवायचं. पानाच्या ज्या भागाला ऊन लागेल, तेवढाच आयोडीन टाकल्यावर निळाकाळा होतो.

पान स्पिरिटमध्ये उकळून बाईंनी आयोडीन टाकलं. सगळं पान काळवंडलं, पण मधोमध चार चिमुकली बोटं फिकीच राहिली. करंगळी वाकडी.

"बाई, पान कुणी धरून ठेवलं होतं का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"डाग असेल गं," बाई म्हणाल्या. दारात चेमटलेली लेकीची ती करंगळी त्यांनीच बांधली होती.

रोप पुन्हा दोन दिवस अंधारात ठेवून, रविवारी सकाळपासून ऊन उतरेपर्यंत बाई उन्हात त्याचं एक पान मुठीत धरून बसल्या.

"आहेस ना गं इथे?"

संध्याकाळी त्यांनी तेच पान उकळून आयोडीन टाकलं. चिमुकली बोटं पुन्हा फिकी उमटली. बाईंच्या हाताची मात्र कुठेच खूण नव्हती. त्यांच्या मुठीतलं बाकी सगळं पान दिवसभर उघड्या उन्हात राहिल्यासारखं निळंकाळं झालं होतं.