शिवणाच्या दुकानासमोरचा रस्ता

“आज किती?” नकाशेवाल्याने विचारलं.

“पाच गाड्या,” फोनवर बाई म्हणाल्या. “त्यातली एक तर रस्ता चुकून आलेली.”

त्याने वहीत आकडा लिहिला. परदेशातल्या सायकल सहलींसाठी खेड्यापाड्यांतले निवांत रस्ते शोधणं हे त्याचं काम. घरी बसून तो पडद्यावर चढ, वळणं, डांबर बघायचा. मग रस्त्यालगतच्या कुणाला तरी फोन करून वाहनांची खात्री करायचा. या रस्त्यावर शिवणकामाचं एक दुकान होतं आणि पाटीवर चक्क आपल्याकडचं आडनाव. म्हणून सात महिन्यांपूर्वी त्याने फोन लावला होता. आपली भाषा कानावर पडली तेव्हा बाईंनी त्याला फोन ठेवूच दिला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी जेवणं आटोपली की फोन व्हायचा. गाड्यांचा आकडा एका मिनिटात सांगून होई, मग तासभर गप्पा. बाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. गिऱ्हाइकांशी बोलणं मापांपुरतं. हल्ली स्वप्नंही या परक्या देशाच्याच भाषेत पडतात, असं त्या एकदा म्हणाल्या. तोही सांगे, बायको गेल्यापासून स्वयंपाकाचा अंदाज चुकतो आणि दोन-दोन दिवस शिळं खावं लागतं.

त्याची ताई कधी घरी आली की विचारायची, एका रस्त्याबद्दल इतकं काय बोलायचं असतं?

“बारकाईचं काम आहे,” तो म्हणायचा.

मग सहलींच्या कंपनीने त्याला त्याच देशात दुसरे काही रस्ते बघायला पाठवलं. जाता जाता तुमच्याकडेही डोकावतो, असं त्याने बाईंना कळवलं. मग त्यांच्या सबबी सुरू झाल्या. बसचा भरवसा नाही, दुकानाची रंगरंगोटी काढलीय, गुडघाही धरलाय. येतोच, तो म्हणाला.

बसमधून उतरल्यावर रस्ता ओलांडायला त्याला दहा मिनिटं लागली. दगड भरलेले ट्रक एकामागून एक धडधडत चालले होते. दुकानाची काच थरथरत होती. दारात बाई उभ्या होत्या, गळ्यात मापाची फीत तशीच. त्यांनी त्याला मागच्या खोलीत नेलं, खिडकी लावली, चहा दिला. तरी आवाज चढवूनच बोलावं लागत होतं.

“मी खोटं बोलत आले,” त्या खाली बघत म्हणाल्या. “खरं सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा फोन केला नसता. पण आता जिवाला घोर लागलाय. माझ्या शब्दावर कुणी इथे सायकल घेऊन आलं तर? हा रस्ता आजच्या आज यादीतून काढा.”

त्याने कप खाली ठेवला.

“पहिल्याच फोनला मागे ट्रक ऐकू येत होते, बाई. त्याच संध्याकाळी काढला.”