नाचणगावची ऑर्डर

बस वं जागृती, तुले भुताची गोष्ट सांगतो.

तुह्या अश्वजितकाकाचं पुस्तक छापनाऱ्याचा पुन्याहून फोन आलता. आजकाल कोनी मागवलं तवाच ते एक कापी छापते, अन् कोनीच नाई मागवलं त पुस्तक कायमचं बंद करते. थो म्हने, "दादा, अश्वजितभाऊ त वारले ना? मंग त्यायच्याच नंबरावरून, नाचणगावच्याच पत्त्यावर, दर महिन्याले त्यायचंच पुस्तक कोन मागवून राह्यलं?"

मी म्हनलं, "थोच असन. त्याले सोताचं लिवलेलं लय आवडे."

त्यानं घाबरून फोनच ठेवून देल्ला.



काकाचा मोबाईल माह्या उशीखाली आहे, माय. मी गेलो का त्याले चार्जिंगले लावत जाजो.