मात्रा नसलेलं पान

"त्या उभ्या रेघा काढून टाक म्हटलं ना!" बाबांनी स्वरलिपीचं छापलेलं पान पियानोवर आपटलं.

"टाकल्यात काढून. दिसतेय का एक तरी?" लेकीचाही आवाज चढला.

"मग मधेच हे थांबायचे विराम कुठून उपटले?"

ते स्वरलिपी लिहायच्या सॉफ्टवेअरने भरले होते. दोन उभ्या रेघांमधल्या घरात ठरलेल्या मात्रा भरल्याच पाहिजेत, असा त्याचा हट्ट. रेघ लपवली तरी आतल्या आत मोजणी चालूच. सूर कमी पडले की ते विराम कोंबायचं, जास्त झाले की उरलेले पुढच्या घरात ढकलायचं. शेवटी वैतागून तिने बाबांच्या व्हायोलिनच्या त्या अख्ख्या तुकड्याचं एकच लांबलचक घर केलं, तालाची खूण लपवली आणि स्वतःच्या पियानोच्या ओळीत तेवढाच मोठा विराम टाकला. जेवणं होतात तोवर बाबांनी त्या जागी भलतंच काही वाजवलं. सगळी मेहनत पाण्यात.

"एकदा काय ते ठरवा ना, बाबा! इतकी वर्षं हा तुकडा तुम्ही तालातच वाजवलात."

"आता नाही वाजवणार. मोजत बसणं हे कारकुनाचं काम."

कारकून! तिच्या डोक्यात तिडीक गेली. लहानपणापासून त्यांना साथ केली, त्यांचं पान न् पान उतरवून दिलं. त्यांच्या तोंडून कधी साधं 'छान' निघालं नाही.

"आणि मी सुरू कधी करायचं?"

"मी मान हलवीन तेव्हा."

"ठीक आहे. हा कार्यक्रम झाला की दुसरी कारकून शोधा."

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. बाबांनी सुरुवात झकास केली. मग ते पान आलं. सूर वर चढले, रेंगाळले, उतरले. तिने बोटं पट्ट्यांवर ठेवली.

मान हलली नाही. बाबांनी तेच सूर पुन्हा घेतले. मग आणखी एकदा. पहिल्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

मुद्दाम चाललंय हे. आजसुद्धा मला सगळ्यांदेखत ताटकळत ठेवायचं! रागाने तिचे कान तापले.

अखेर गज थांबला. बाबा वळले. तिने त्यांच्यावर नजर रोखली. हलवा एकदाची!

ते पियानोपाशी आले, किंचित वाकले आणि अदबीने म्हणाले, "माफ करा हं बाई, ही जागा माझ्या मुलीची आहे. ती आल्याशिवाय मला पुढचं वाजवता येत नाही."